चक्री दिन : एका राजवंशाचे स्मरण आणि विस्मरण

थायलंडमध्ये ६ एप्रिल हा सार्वजनिक सुटीचा दिवस असतो. लोक त्याला 'चक्री दिन' म्हणतात. त्याचे अधिकृत नाव मात्र बरेच लांब आहे. पहिले राजे फ्रा फुत्थयोत्फा चुलालोक महाराज यांचा दिवस आणि महाचक्री राजवंशाचा स्मृतिदिन, अशी दोन स्मरणे त्या नावात एकत्र केलेली आहेत. या दिवशी बँकॉकमध्ये राजवंशाच्या वतीने दोन ठिकाणी वंदना होते. राजवाड्याच्या आवारातील देवबिदोन प्रासादात पूर्वीच्या राजांचे पुतळे आहेत, तेथे पूजा होते. आणि चाओ फ्रया नदीवरील स्मारक-पुलाच्या पायथ्याशी पहिल्या राजाची जी मोठी प्रतिमा आहे, तिला पुष्पचक्र वाहिले जाते. १७८२ साली सुरू झालेला हा वंश आज दहाव्या राजापर्यंत येऊन पोचला आहे. वंशस्थापनेचा दिवस राष्ट्रीय सुटीचा मानणारी राष्ट्रे जगात थोडी आहेत, आणि तो वंश अजून सिंहासनावर आहे अशी तर त्याहून थोडी.

अशा दिवसाकडे सहसा समारंभ म्हणून पाहिले जाते. परंतु वंशाचा आरंभ ही निसर्गातील घटना नव्हे. एक वंश सुरू होतो तेव्हा बहुधा दुसरा कोणी तरी संपलेला असतो, आणि आरंभाचे स्मरण करण्यासाठी त्या शेवटाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक राजवंशाला सोडवावा लागतो. चक्री दिनाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाची निरनिराळ्या काळात दिली गेलेली उत्तरे होत. त्या उत्तरांमध्ये काव्याचा वाटा शस्त्रांइतकाच मोठा आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकालाही या दिवसाचा विचार करण्याचे कारण आहे.

कथेची सुरुवात एका नगराच्या विनाशापासून होते. चौदाव्या शतकाच्या मध्यास वसलेली अयुथ्या ही सयामची राजधानी चारशेहून अधिक वर्षे नांदली. तिच्या नावातच आपली अयोध्या आहे. ७ एप्रिल १७६७ रोजी ब्रह्मी सैन्याने दीर्घ वेढ्यानंतर हे नगर घेतले आणि जाळले. पानिपतच्या पराभवानंतर अवघ्या सहा वर्षांनी घडलेली ही घटना आहे. पानिपतानंतर मराठी राज्य माधवराव पेशव्यांच्या काळात पुन्हा उभे राहिले. पण पुण्याला राजधानी, दप्तर आणि कारभारी शाबूत होते. अयुथ्येचे तसे नव्हते. राजघराणे नष्ट झाले, हजारो माणसे कैद करून नेली गेली, ग्रंथसंग्रह आणि कायद्याच्या पोथ्या आगीत गेल्या. एका संस्कृतीची स्मृतीच जळाली असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या राखेतून राज्य उभे केले ते ताक्सिन याने. त्याचे मूळ नाव सिन. त्याचा पिता चीनमधून आलेला स्थलांतरित होता. ताक या प्रांताचा अधिकारी म्हणून तो ताक्सिन या नावाने ओळखला जाऊ लागला. नगर पडण्यापूर्वीच तो थोड्या अनुयायांसह वेढा फोडून बाहेर पडला, पूर्वेकडील चंथबुरी येथे त्याने बळ जमवले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रह्मी ठाणे उठवून तो राजा झाला. अयुथ्या वसवण्याजोगी उरली नव्हती, म्हणून त्याने समुद्राच्या बाजूस, चाओ फ्रयाच्या पश्चिम काठावर थोनबुरी येथे राजधानी केली. पंधरा वर्षांच्या आत त्याने विस्कळीत प्रांत पुन्हा एका छत्राखाली आणले. १७७० मध्ये, युद्धांच्या धामधुमीतही, त्याने रामकथेतील चार प्रसंगांवर स्वतः काव्यरचना केली. सयामी रामायणाला 'रामकियेन', म्हणजे रामकीर्ती, असे नाव आहे. ज्या राजाला पुढे इतिहासाने वेडा ठरवले, त्याने राज्य सावरताना रामाचे आख्यान हाती घेतले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ताक्सिनचा सर्वांत कर्तबगार सेनापती थोंगदुआंग हा जुन्या अयुथ्येच्या अधिकारीवर्गातला होता. त्याला 'चाओ फ्रया चक्री' हे पद मिळाले. हे व्यक्तीचे नाव नव्हते. उत्तरेकडील प्रांतांचा कारभार पाहणाऱ्या महामंत्र्याचे ते परंपरागत पदनाम होते. पेशवे हे पद जसे पुढे एका घराण्याचे नाव होऊन बसले, तसेच येथे झाले. १७८२ च्या आरंभी चक्री कंबोडियाच्या मोहिमेवर असताना थोनबुरीत बंड झाले. ताक्सिनला पदच्युत करून भिक्षूची वस्त्रे देण्यात आली. चक्री सैन्यासह परतला, बंडवाल्यांचा बंदोबस्त झाला आणि राज्य त्याच्या हाती आले. परंपरेने ६ एप्रिल हा त्याच्या राज्यारोहणाचा दिवस मानला जातो. त्याच सुमारास ताक्सिनला देहदंड देण्यात आला, आणि रूढ समजुतीप्रमाणे तोही याच दिवशी. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १७ मे १७८२ रोजी, इकडे मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला. एकाच वसंतात एका देशात राजवंश सुरू होत होता आणि दुसऱ्या देशात एका राज्याला वीस वर्षांची उसंत मिळत होती.

ताक्सिन का पडला, याचे उत्तर मुख्यतः राजबखरींमधून मिळते. त्या सांगतात की अखेरच्या काळात राजाचे मन भ्रमिष्ट झाले. आपण आध्यात्मिक साधनेत 'स्रोतापन्न' झालो असे तो मानू लागला, भिक्षूंनी आपल्याला वंदन करावे असा त्याने आग्रह धरला आणि ज्यांनी नकार दिला त्यांना फटके मारवले. बखर हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकाला परिचित आहे. ती कोणाच्या पदरी, कोणत्या काळी आणि कोणासाठी लिहिली गेली हे पाहिल्याशिवाय तिच्यातील साक्ष घेता येत नाही. सयामच्या या बखरी नव्या वंशाच्या छायेत लिहिल्या आणि संस्कारित केल्या गेल्या. थायलंडचे अग्रगण्य इतिहासकार निधी इयोसीवोंग (१९४०–२०२३) यांनी थोनबुरीच्या राजकारणावर १९८६ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात या कथेला मागे सारून सत्तेच्या घडणीकडे लक्ष वेधले. व्यक्तिगत निष्ठेवर उभे राहिलेले, परक्या रक्ताच्या राजाचे राज्य आणि जुन्या अयुथ्येच्या सरदार घराण्यांची अपेक्षा यांतील ताण त्यांनी उलगडून दाखवला. वेडाची कथा पूर्ण खोटी होती असे त्यामुळे सिद्ध होत नाही. पण ती कथा कोणाच्या उपयोगाची होती, हे त्यामुळे दिसू लागते.

लोकस्मृतीने मात्र स्वतःची वाट काढली. मारला गेला तो कोणी दुसराच होता. खरा राजा दक्षिणेकडे नाखोन सी थम्मरात येथे गेला आणि भिक्षू म्हणून राहिला, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. दोन घराण्यांमधले नातेही सरळ नव्हते. चक्रीची कन्या ताक्सिनच्या अंतःपुरात होती आणि तिला झालेला मुलगा दोन्ही राजांचे रक्त अंगी घेऊन नव्या दरबारात वाढला. १८०९ मध्ये आजोबांचा मृत्यू होताच त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप आला आणि त्याला देहदंड झाला. आरंभाच्या उत्सवाला ही बाजू नेहमीच अडचणीची ठरणार होती.

पहिल्या राजाने या अडचणीतून जो मार्ग काढला तो विलक्षण होता. आपण नवे राज्य स्थापन करीत आहोत, असे न म्हणता जुने राज्य परत आणीत आहोत, असे त्याने सांगितले. नदीच्या पूर्व काठावर, चिनी व्यापाऱ्यांची वस्ती सांपेंग येथे हलवून, त्याने नवी राजधानी वसवली. २१ एप्रिल १७८२ रोजी नगरस्तंभ उभारला गेला. तटबंदीसाठी अयुथ्येच्या पडक्या भिंतींच्या विटा नदीतून आणल्या गेल्या. राज्याभिषेकाचा विधी जाणणारे जुने अधिकारी शोधून त्यांच्याकडून तो लिहवून घेण्यात आला आणि १७८५ मध्ये पूर्ण विधीने पुन्हा अभिषेक झाला. अयुथ्येत एक प्रचंड बुद्धमूर्ती होती. तिच्यावरील सोन्यासाठी ब्रह्मी सैन्याने तिला आग लावली होती. तिचा उरलेला धातू वितळवावा काय, असे राजाने भिक्षुसंघाला विचारले. ते उचित नव्हे, असे उत्तर आल्यावर त्याने ते अवशेष बँकॉकच्या वात फो विहारात आणून एका चैत्यात बंदिस्त केले. मोडलेली मूर्ती डोळ्यांआड करायची आणि तिच्यावर स्तूप उभारून तिची पूजा करायची, या एका कृतीत त्याच्या सर्व धोरणाचे सार आले आहे.

नव्या नगराच्या औपचारिक नावात देवनगरी, रत्न, इंद्र, अयोध्या आणि विश्वकर्मा असे संस्कृत-पाली शब्दांचे एक दीर्घ स्तोत्रच आहे. इंद्राच्या आज्ञेवरून विश्वकर्म्याने निर्मिलेले नगर, असा त्याचा आशय आहे. अयुथ्या जळाली तरी अयोध्या जळत नाही, असेच त्या नावाला सुचवायचे होते. याच दृष्टीने राजाने ग्रंथांची पुनर्रचना हाती घेतली. १७८८ मध्ये त्रिपिटकाचे संशोधन करण्यासाठी संगीती भरवण्यात आली. चिनी 'तीन राज्यां'ची कथा आणि मोन परंपरेतील 'राजाधिराज' यांचे सयामी गद्यात भाषांतर झाले. १८०५ मध्ये कायद्याची संहिता सिद्ध झाली. तिचे निमित्त साधे होते. पोम नावाच्या एका स्त्रीने, दोष तिचा असूनही, घटस्फोट मागितला आणि प्रचलित कायद्याने तो तिला मिळाला. तिचा पती न्याय मागत राजापर्यंत पोचला. कायद्याची प्रतच भ्रष्ट झाली असली पाहिजे, असे ठरवून राजाने सर्व संहितेची तपासणी करवली. तीन मंत्रालयांच्या मुद्रा उमटवलेली म्हणून ती 'तीन मुद्रांची संहिता' म्हटली जाते. तिची मुळे मोन परंपरेतून आलेल्या मनूच्या धर्मशास्त्रात आहेत. यातही तर्क तोच आहे : नवे काही करायचे नाही, बिघडलेले जुने शुद्ध करायचे.

या सर्व प्रयत्नांचा कळस म्हणजे 'रामकियेन'. १७९७ मध्ये आरंभलेले हे महाकाव्य राजा आणि दरबारी कवी यांनी मिळून सिद्ध केले. अयुथ्येच्या काळातील रामकथा तुकड्यातुकड्यांनीच वाचली होती. येथे ती प्रथमच सलग झाली. एमराल्ड बुद्धाच्या मंदिराभोवतालच्या ओवऱ्यांत १७८ भित्तिचित्रांतून ती रंगवलेली आहे. भारतीय वाचकाला त्यात ओळखीचे आणि अनोळखी एकत्र भेटते. रावण तेथे 'थोत्सकान', म्हणजे दशकंठ आहे. सीता त्याचीच कन्या आहे. हनुमान ब्रह्मचारी नाही. नारायणाच्या हाती शंख, चक्र आणि गदा यांबरोबर त्रिशूळही आहे. आपल्याकडे त्रिशूळ शिवाचा. सयामी परंपरेत तो विष्णूने धारण केला आहे. म्हणूनच चक्री वंशाच्या राजचिन्हात चक्र आणि त्रिशूळ एकमेकांत गुंफलेले दिसतात. मंत्रिपदाचे नाव, विष्णूचे आयुध आणि रामाचा अवतार अशी साखळी जुळली, की राज्य घेणारा सेनापती हा राज्य परत आणणारा राम होतो. मंत्र्याने राजाची जागा घेतली, ही वस्तुस्थिती काव्याच्या दुसऱ्या बाजूला राहते.

तरीही पहिल्या राजाने ६ एप्रिलचा उत्सव केला नव्हता. आरंभ साजरा करणे हे त्याच्या भूमिकेशी विसंगत ठरले असते. आरंभाची जाणीव फार पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. पाचवा राजा चुलालोंगकोर्न याने १८७२ मध्ये भारताचा प्रवास केला. कलकत्ता, दिल्ली, मुंबई, काशी त्याने पाहिली. पुढे १८८९ मध्ये त्याने नवी कालगणना सुरू केली. तिचे पहिले वर्ष १७८२ हे होते. येथे मराठी वाचकाला १६७४ च्या राज्याभिषेक शकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. शिवाजी महाराजांनी शक सुरू केला तो स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या अभिषेकापासून; तेथे नवेपणाची उघड घोषणा होती. सयामची कालगणना आली ती स्थापनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, वसाहतवादी सत्तांच्या शेजारात एका आधुनिक राज्याला आपली जन्मतारीख आवश्यक वाटू लागली तेव्हा. ती फार टिकलीही नाही. १९१३ मध्ये तिची जागा बुद्धसंवताने घेतली.

सुटीचा दिवस मात्र त्यानंतरचा. सहावा राजा वजिरावुध, म्हणजे वज्रायुध, हा ऑक्सफर्डला शिकलेला, शेक्सपिअरची नाटके आपल्या भाषेत आणणारा आणि रामकियेनच्या उगमांवर स्वतः ग्रंथ लिहिणारा राजा होता. १९१२ मध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध केलेला कट उघडकीस आला. त्याच वर्षी चीनमधील राजेशाही संपली, १९१७ मध्ये रशियाची. १९१८ मध्ये वजिरावुधाने पूर्वीच्या राजांचे पुतळे देवबिदोन प्रासादात एकत्र आणले आणि ६ एप्रिल हा त्यांच्या वार्षिक वंदनेचा दिवस ठरवला. राजांना 'राम पहिला', 'राम दुसरा' असे क्रमाने संबोधण्याची पद्धतही याच राजवटीतली. जगभर सिंहासने कोसळत असताना एका वंशाने आपली अखंडता मोजून दाखवली. आज अनादी वाटणारा हा सोहळा खऱ्या अर्थाने विसाव्या शतकाचे अपत्य आहे.

त्याची कसोटी लगेच लागली. हा वंश १५० वर्षेच टिकेल, अशी एक भविष्यवाणी बँकॉकमध्ये बोलली जात असे. ६ एप्रिल १९३२ रोजी दीडशे वर्षे पूर्ण झाली. सातवा राजा प्रजाधिपोक याने थाटाने स्मारक-पुलाचे उद्घाटन केले आणि पहिल्या राजाच्या प्रतिमेचे अनावरण झाले. त्यानंतर ७९ दिवसांनी, २४ जूनच्या पहाटे, लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या 'जनपक्षा'ने सत्ता हाती घेतली आणि अनियंत्रित राजसत्ता संपली. वंश उरला, पण भविष्यवाणी अगदीच खोटी ठरली असे कोणाला म्हणता आले नाही. १९३५ मध्ये प्रजाधिपोकाने राज्यत्याग केला.

यापुढे राष्ट्राच्या आरंभासाठी दोन तारखा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. नव्या सत्तेने २४ जून हा राष्ट्रीय दिन केला. १९६० मध्ये लष्करशहा सरित थनरत याच्या राजवटीत तो रद्द होऊन राजाचा वाढदिवस राष्ट्रीय दिन ठरला. १९८२ मध्ये वंशाची द्विशताब्दी साजरी झाली आणि पहिल्या राजाला 'महाराज' ही पदवी अधिकृतपणे जोडली गेली. ६ एप्रिल २०१७ रोजी दहाव्या राजाने देशाच्या नव्या राज्यघटनेवर स्वाक्षरी केली. दिवसाची निवड पुरेशी बोलकी होती. त्याच महिन्यात, १९३२ च्या क्रांतीचे स्मरण देणारी राजचौकातील पितळी पाटी नाहीशी झाल्याचे लोकांच्या ध्यानात आले. तिच्या जागी दुसरी पाटी बसलेली होती. एक तारीख घटनेच्या पानावर गेली आणि दुसरी रस्त्यावरूनही पुसली गेली.

ताक्सिनचे काय झाले, हा प्रश्न उरतो. विसाव्या शतकाने त्याला विस्मरणातून परत आणले. १९५४ मध्ये थोनबुरीच्या बाजूस वोंगवियन याई येथे त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. त्याचा शिल्पकार फ्लॉरेन्सहून सयामला येऊन तेथलाच झालेला कोर्रादो फेरोची, थाई नावाने सिल्प भीरसी, होता. स्मारक-पुलाजवळील पहिल्या राजाची प्रतिमाही त्याच्याच हातून घडलेली. एकाच शिल्पकाराने मारणाऱ्याला आणि मारल्या गेलेल्याला रूप दिले. एकाच नदीच्या दोन काठांवर दोघांना फुले वाहिली जातात. ताक्सिनचा दिवस २८ डिसेंबर. त्या दिवशी शासकीय वंदना होते, पण सुटी नसते. स्मरणालाही एक श्रेणीव्यवस्था असते, आणि ती दिनदर्शिकेत सर्वांत स्पष्ट दिसते.

या सर्वांत सर्वाधिक प्रामाणिक वाटतो तो पहिला राजाच, आणि तोही राजा म्हणून नव्हे, कवी म्हणून. रामकियेनच्या अखेरीस एक निवेदन आहे. ही एक पुराणकथा आहे, उत्सवासाठी आणि पूजेसाठी रचलेली. हेच सार मानून ऐकणाऱ्याने मोहून जाऊ नये, सर्व संस्कार अनित्य आहेत याचे चिंतन करावे, असा त्याचा भावार्थ आहे. हा बौद्ध परंपरेतील एक संकेत आहे, हे खरे. परंतु अयुथ्येच्या विनाशाचा काळ जगलेल्या, आपल्या स्वामीचा वध होऊ दिलेल्या आणि त्यावर सत्तावीस वर्षे राज्य केलेल्या माणसाच्या लेखणीतून तो आला, म्हणजे त्याला केवळ संकेत म्हणता येत नाही. वंशाच्या अखंडतेचा दिवस त्याच्या नावाने पाळला जातो. त्याच्या ग्रंथाचे शेवटचे पान मात्र त्या दिवशी ओवऱ्यांतील चित्रांपाशी थांबून जो वाचेल, त्याला या राजाने अखंडतेविषयी काही वचन दिलेले आढळणार नाही.